नेतृत्वाच्या पदवीला एक साक्षीदार कमी

तीर्थस्वरूप वन्संना,

धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार. (पाठ धरली आहे, त्यामुळे अर्धाच वाकले. उरलेला भेटल्यावर.) तुमची तब्येत कशी आहे? नव्या चष्म्याचा नंबर मानवला का? आणि शेजारणीशी बोलणं सुरू झालं, की अजून ती आधी बोलेल म्हणून थांबला आहात? इकडे सगळं ठीक. तुमचे बंधुराज टीव्हीसमोर घोरत आहेत, म्हणजे तेही ठीकच.

पत्रास कारण म्हणाल, तर काही नाही. सहज लिहावंसं वाटलं. (भुवई खाली घ्या वन्सं, मला इथून दिसते.) झालंय असं, की माझ्या पदवीचं काही खरं दिसत नाही. तीन वर्षं संध्याकाळचे वर्ग केले, 'संस्थात्मक नेतृत्व' असं भारदस्त नाव सांगत गावभर मिरवले, आणि आता शेवटच्या तोंडी परीक्षेशी गाडं अडलंय. आमचे मालक दुसरी लाँड्री उघडताहेत आणि तिथला कारभार पदवीवाल्यालाच देणार आहेत, हे तुम्हाला माहीत आहे. तुम्ही तेव्हा म्हणाला होतात, की चाळीस माणसांवर रोज ओरडतेस ते काय कमी आहे, त्याला पदवी कशाला हवी? अहो, ते ओरडणं नसतं! त्या मशिनींच्या घरघरीत साधं 'चहा आलाय' सांगायचं तरी बेंबीच्या देठापासून सांगावं लागतं.

वर्गाची गंमत तर विचारूच नका. आमच्या गटात आम्ही पाचजण. एक औषधवाला, एक व्यायामशाळेवाला, एक नर्स, एक गाडी शिकवणारे काका आणि मी. विद्यापीठाची सायकली ठेवायची शेड रंगवून द्यायची, एवढंच काम. पण पाचही पुढारी! औषधवाल्यानं ध्येय ठरवलं, नर्सनं जबाबदाऱ्या वाटल्या, व्यायामशाळेवाल्यानं आमचा उत्साह वाढवायला सगळ्यांना जागच्या जागी उड्या मारायला लावल्या, काकांनी धोक्यांवर भाषण दिलं, आणि मी सगळ्यांवर देखरेख केली. संध्याकाळी लक्षात आलं, की रंग कोणी आणलाच नव्हता. सर म्हणाले, अनुभव मोलाचा आहे. शेड अजून तशीच गंजलेली आहे.

पण खरा घोळ लाँड्रीत झाला. सरांनी शिकवलं, की खरा नेता हुकूम सोडत नाही, आधी माणसांचं मत विचारतो. म्हटलं, करून तर बघू. सकाळी गेले, आवाज खाली आणला, आणि इस्त्रीवाल्या मावशींना गोड आवाजात विचारलं, की मावशी, आज आधी चादरी घ्याव्यात की टॉवेल, तुम्हाला काय वाटतं? मावशींच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मी तशीच पुढे गेले, वाळवणवाल्याला विचारलं, घडीवाल्या पोरींना विचारलं. चहाच्या सुट्टीपर्यंत अख्ख्या लाँड्रीत बातमी पसरली होती, की लाँड्री बंद होतेय, नाहीतर बाई एवढ्या गोड कशाला बोलतील? दोघांनी तर दुसरीकडे नोकरी विचारायला फोनही केले. कहर म्हणजे दुपारी मालक स्वतः घाम पुसत आले आणि मलाच हळूच विचारतात, बाई, आपण बंद करतोय का? शेवटी मी एका पिंपावर उभी राहून, 'चादरी आधी! हात चालवा!' म्हणून ओरडले, तेव्हा कुठे सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. मावशींनी देवाला हात जोडले. (घरीही प्रयोग केला. बंधुराजांना विचारलं, भाजी कोणती करू? त्यांनी विचार करायला उद्यापर्यंतची मुदत मागितली.)

तर आता परीक्षा. नियम असा, की प्रत्येकानं एक साक्षीदार आणायचा, ज्यानं कधीतरी आपलं ऐकलं आहे. पगारासाठी ऐकणारा चालत नाही, एका घरात राहणारा चालत नाही. ज्याच्यावर आपला काडीचाही अधिकार नाही आणि तरी ज्यानं ऐकलं, असा माणूस हवा. लाँड्री बाद, बंधुराज बाद. साक्षीदार नाही तर पदवी नाही. फार डोकं खाजवलं आणि शेवटी ठरवलं, द्यावं सोडून. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? पण तुम्हाला सांगितलं, मन हलकं झालं. बाकी काही मागणं नाही. लोभ आहेच, तो टोमण्यांसकट असू द्या.

तुमची,
धाकटी भावजय

ता. क. सोडायचं वगैरे काही ठरवलेलं नाही. तुमचं मोठं ऑपरेशन झालं तेव्हा तुम्ही भिंतीकडे तोंड करून पडला होतात. डॉक्टर समजावून थकले, नर्सनं हात टेकले, बंधुराज दारात उभे राहून नुसते डोळे पुसत होते. मी आले, म्हटलं, वन्सं, उठा. आणि तुम्ही उठलात. मला शिव्या घालत, माझा दंड काळानिळा करत, पण खिडकीपर्यंत चाललात. माझं तुमच्यापुढे काही चालत नाही, हे अख्ख्या खानदानाला ठाऊक आहे. तर साक्षीला याल ना?

आणखी ता. क. तुमचं नाव मी विद्यापीठात आधीच देऊन टाकलंय, गाडीचं तिकीट सोबत आहे. आधी विचारायला हवं होतं, कबूल. पण मी मत विचारलं की काय होतं, ते वर लिहिलंच आहे.

आणखी एक, शेवटचं. परीक्षक तुम्हाला एकच प्रश्न विचारतात, की त्या दिवशी हिचं का ऐकलंत? तेव्हा मला बाहेर थांबावं लागतं. मलाही ते आजवर कळलेलं नाही वन्सं, आणि तुम्हाला तोंडावर विचारायची माझी छाती नाही. म्हणून आत जाल तेव्हा दार पुरतं लावू नका, आणि जरा मोठ्यानं बोला.