पुढच्या दारांवरून ठरवलेला फायदा रद्द करून मागची दारे मोजण्याबाबत

प्रति,
मा. विस्तार अधिकारी,
इंटरनेट जोडणी विभाग, दुसरा मजला.

विषय : एकोणतीस नांदती घरे ‘रिकामी’ दाखवून फायबर नाकारल्याबद्दल, व गुरुवारपर्यंत जोडणारा माणूस मिळण्याबद्दल.

संदर्भ : आपले दोन ओळींचे पत्र. त्यातली एक ओळ पत्त्याची आहे.

महोदय,

१. मी आणि माझी वहिनी घरातच कृत्रिम दात बनवतो. पूर्वी दवाखान्यातून जबड्याचा प्लास्टरचा साचा यायचा. आता डॉक्टरीणबाई स्कॅन काढून इंटरनेटवरून पाठवतात. गल्लीतल्या जुन्या तांब्याच्या तारेवरून एक जबडा उतरायला साडेतीन तास लागतात. मध्येच तार रुसली की खालच्या दाढा वाटेतच राहतात.

२. आपण लिहिता, ‘सदर गल्ली फायबरसाठी लाभदायक नाही.’ खिडकीवरच्या बाईंनी मला सर्वेक्षणाचा तक्ता दाखवला. आपल्या कचेरीत माणसासारखे बोलणाऱ्या त्या एकट्याच. तक्त्यात बत्तीस घरांपैकी एकोणतीस रिकामी! सर्वेक्षकाचा शेरा : ‘दार वाजवले, उघडले नाही.’ कसे उघडेल? आमच्याकडे पुढच्या खोल्यांत यंत्रे आहेत आणि दारांना आतून कपाटे टेकवलेली आहेत. माल, गिऱ्हाईक, सोयरेधायरे, सगळे मागच्या बोळातून येतात. हे पोस्टमनला ठाऊक आहे, दूधवाल्याला ठाऊक आहे, मांजरालासुद्धा ठाऊक आहे. ठाऊक नाही ते फक्त पगारी सर्वेक्षकाला.

३. आता आपल्या फायद्याचे शहाणपण. तीन घरांवर केबलचा खर्च निघत नाही म्हणता. बत्तिसांवर निघतो का, हे कुणी मांडून पाहिले? त्यांत छापखाना आहे, शिंपीणबाई आहेत, चष्म्याच्या काचा घासणारे आजोबा आहेत, आणि हे सगळे धंद्याचा चढा दर भरायला तयार आहेत. वायरलेसवाले म्हणतात, फायबर येणारच, मग आम्ही टॉवर कशाला उभारू? तांब्याच्या तारेवाले म्हणतात, वायरलेस येणारच, मग दुरुस्ती कशाला? आणि आपण म्हणता, तांबे आहे की त्यांच्याकडे! याला तुम्ही स्पर्धा म्हणता. आम्ही याला टोलवाटोलवी म्हणतो.

वायरलेसचा एक डबा आठवडाभर वापरायला मिळाला होता. तो फक्त न्हाणीघराच्या खिडकीत चालला. वहिनी म्हणाली, “भावजी, आता बादलीवर बसून बनवू का लोकांच्या कवळ्या?”

४. आपली फायबरची केबल बँकेकडे जाताना आमच्या बोळाच्या तोंडावरून जाते. तिथून आमचे मागचे दार चाळीस फूट. खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, निम्म्याहून जास्त खर्च खोदाईचाच असतो. म्हणून रविवारी आम्हीच खोदले. छापखानेवाल्याने पहार घेतली, मी फावडे. आजोबा काठावर बसून “अरे, सरळ खणा, कवळी बसवायची नाहीये!” म्हणून ओरडत होते. पाइपही टाकला आहे. परवानगी घेतली नव्हती, हे कबूल. पण रिकाम्या घरांतल्या माणसांनी ती मागायची कुणाच्या नावाने?

५. दवाखान्याने कळवले आहे की शुक्रवारपासून स्कॅन वेळेवर उतरले नाहीत, तर सगळे काम बाहेरच्या मोठ्या कारखान्याला जाईल. आमच्याकडे दुसरा दवाखाना नाही. हे काम गेले की आम्ही संपलो. वहिनीने डॉक्टरीणबाईंना शुक्रवार सकाळचा शब्द देऊन टाकला आहे. तिने सतरा वर्षांत शब्द मोडलेला नाही. आता मोडायचाच असेल, तर तो आपल्या सहीने मोडावा. ‘वरून आदेश आहे’ चालणार नाही. मी तो सहीचा कागद दवाखान्यात दाखवणार आहे. नाहीतर माणूस पाठवा. चर उघडा आहे.

आपला, कागदापुरता नम्र,
(सही)
मागल्या बोळातला दातवाला
दिनांक : ९ मार्च, सोमवार

सोबत : १. बत्तीस मागच्या दारांचा हाताने काढलेला नकाशा.
२. नकार लिहिण्यासाठी एक कोरा कागद.