डाव्या अंगाचं लेकरू

माय, मला दिवस गेलेत, आणि या वेळी पोटात खरंच लेकरू आहे. सहावा महिना संपत आला. परवा अकोल्याहून रक्ताचा रिपोर्ट मोबाइलवर आला आणि तेव्हापासून माझे पाय जमिनीवर नाहीत. घरात सांगून झालं, डेपोत सांगून झालं, शेजारणीला दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा गेले तर ती म्हणाली, "बस कर वं बाई, आता तोंडपाठ झालं मले." उरलीस तू. तुला मात्र मुळापासून सांगावं लागेल, कारण तू गेल्यावर तुझ्या त्या आजाराच्या बाबतीत फार काय काय झालंय.

अनसिंगच्या घरातली चूल दिसते. तू भाकरी थापतेस आणि मधेच पिठाचा डावा हात बरगडीखाली धरतेस. मी तिसरीत आहे. तुझं पोट वाढू लागलं होतं, पाळी चुकली होती, दोन घासांत पोट भरायचं, आणि एवढ्यावर अख्ख्या गल्लीने ठरवून टाकलं. मोठमाय, म्हणजे बाबांची थोरली वहिनी, गावातल्या बायकांची बाळंतपणं करायची. तिने तुला आडवं पाडून पोट चाचपलं आणि निकाल दिला, "डाव्या अंगाले बसलं व लेकरू. पोरगीच होईन पाय." तू हातापायांनी सुकत चाललीस, तर त्यावरही तिचं उत्तर तयार, पोरगी पोटात असली का माय वायतेच. शेजारणी आंबाडीची भाजी आणून द्यायच्या, चिंच आणून द्यायच्या, तू लाजत लाजत खायचीस. मला तर स्वर्ग दोन बोटं उरला होता. दोन दांडगट भावांनंतर अखेर माझ्या बाजूचं कोणीतरी येणार होतं. शाळेतून आले की दप्तर फेकायचं आणि तुझ्या पोटाला डावीकडून कान लावायचा. तिथे पोट टणक लागायचं. "लाथ मारून राह्यली काय वं तुई बहीण?" तू विचारायचीस, आणि मी बिनदिक्कत हो म्हणायचे. एकदा मी जास्तच रेलले, तर तू कळवळलीस आणि माझ्या पाठीत धपाटा घातलास. "दाबू नको, तिले लागन." दुखत होतं तुला, आणि काळजी तिची.

मग बाबांनी त्यांच्या शाळेतून रजा काढली आणि तुला अकोल्याला नेलं. मला ठेवायला घरी कोणी नव्हतं म्हणून मीही बरोबर. तिथल्या डॉक्टरने पोटावर यंत्र फिरवलं, रक्त काढलं, आणि बाबांना बाजूला घेऊन सांगितलं की लेकरू नाही, पाणथरी आहे, डाव्या बरगडीखालची प्लीहा. रक्ताच्या कॅन्सरने ती पोटभर वाढली आहे. परतीच्या गाडीत बाबांनी तुला हळू आवाजात सगळं सांगितलं. तू खिडकीकडे बघत एकच विचारलंस, "म्हंजे पोरगी नाई?" बाबा म्हणाले, "नाई." त्या दुसऱ्या शब्दाबद्दल तू काही विचारलं नाहीस. तेव्हा औषध होतं, पण ते रक्तातल्या वाढलेल्या पेशी तेवढ्या कमी करायचं, आजार जागचा हलायचा नाही. घरी न्या, खाऊपिऊ घाला, असंच सांगून पाठवलं होतं. पुढच्या तुरी निघायच्या आत तू गेलीस. तू पस्तिशीचीही नव्हतीस माय. मला अजून त्याचा राग येतो, कोणावर ते कळत नाही.

मी एसटीत कंडक्टर झाले, हे तुला पटणार नाही. घरात माणूस आलं की चुलीमागे लपणारी तुझी पोरगी आता भरल्या गाडीत "पुढे सरका ना भाऊ, गाडी काय तुमच्या नावावर केली काय" असं ओरडते. तर एका उन्हाळ्यात ती पैशांची चामडी पिशवी मला डाव्या कुशीला टोचायला लागली. पिशवी उजवीकडे घेतली तरी टोचायचं थांबलं नाही. जेवण दोन घासांवर आलं. मी आंघोळीला गेले, बरगडीखाली हात लावला आणि तुझ्यासारखंच टणक लागलं. डॉक्टरच्या आधी मला कळलं होतं. नवऱ्याला म्हटलं, "आता माये दिवस भरत आले." तो बिचारा भलतंच समजला आणि हसायला लागला.

अकोल्याला आता कॅन्सरचा वेगळा विभाग आहे, आणि माझी डॉक्टरबाई माझ्याहून लहान. तिने कागदावर चित्र काढून समजावलं. रक्त तयार करणाऱ्या एका पेशीत दोन तुकड्यांची अदलाबदल होते आणि ती पेशी वेड्यासारखी वाढत सुटते. मी म्हटलं, म्हणजे स्टँडवर दोन प्रवाशांच्या पिशव्या बदलतात तसं. ती म्हणाली, अगदी तसंच, आणि ही गोळी बरोबर त्या बदललेल्या पिशवीलाच पकडते. मी तुझं सांगितलं. तर म्हणाली, आईकडून हे येत नाही, दोघींना झालं हा योगायोग. मग मी विचारलं, किती दिवस आहेत. तिने चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "कशाचे दिवस? उद्यापासून जेवण झालं की एक गोळी, वर ग्लासभर पाणी. ड्यूटी सोडायची नाही." सलाईन नाही, ऑपरेशन नाही, एक गोळी. मी तिला तीनदा विचारलं, फक्त गोळी? सुखासुखी काही झालं नाही हे खरं. सकाळी डोळे सुजायचे, तर ड्रायव्हर विचारायचे, रात्री भांडण झालं काय. पोटऱ्यांत असे गोळे यायचे की चालत्या गाडीत दांडी धरून उभी राहायचे. पण पाणथरी आत गेली, माय. दिवाळीपर्यंत हाताला लागेनाशी झाली, आणि मी भाकरीवर भाकरी खायला लागले.

तेव्हापासून माझ्या गाडीत अकोल्याच्या दवाखान्यात जाणारे लोक मला लांबून ओळखू येतात. पिशवीत फाईल, डोक्याला गच्च रुमाल, आणि तिकीट मागताना आवाज खाली. केनवडची एक बाई आपल्याकडच्या मालेगावला चढली होती, छातीच्या गाठीसाठी पहिल्यांदाच निघालेली. तिकीट देताना म्हटलं, मी पण तिथलीच आहे. ती माझ्या युनिफॉर्मकडे बघतच राहिली. "तुमाले कॅन्सर हाये? अन् गाडीवर काहून मंग?" म्हटलं, "मंग काय घरी बसून राहू?" पातूर येईपर्यंत तिने मला सगळं विचारून घेतलं, केस परत येतात का, सलाईन दुखते का, नवरे सोडून देतात का. मला सलाईनचं काही माहीत नव्हतं, तर मागच्या सीटवरचे एक आजोबा म्हणाले, मी सांगतो. त्यांची केमोची सहा सलाईनं झालेली. मग अर्धी गाडी तेच बोलत होती, आणि कोणीही आवाज खाली केला नाही. तुझ्या वेळी तो शब्द घरात कोणी उच्चारला नव्हता.

एकच गोष्ट त्या गोळीने माझ्याकडून काढून घेतली होती. ती चालू असताना मूल होऊ द्यायचं नाही, बाळात व्यंग येतं. नवरा म्हणायचा, "तू हायेस ना, मले पुरे." आणि मी वर्षानुवर्षं दुसऱ्यांची पोरं अर्ध्या तिकिटात बसवत राहिले. रिपोर्टात आजार दिसेनासा झाला, तसाच दिसेनासा राहिला, आणि एक दिवस डॉक्टरबाई आपणहून म्हणाली, आता गोळी बंद करून बघू. बऱ्याच जणांचा आजार परत येत नाही. आला तर गोळी कुठे पळून जात नाही, आणि तोवर दिवस राहिले असले तर बाळाला चालेल असं इंजेक्शन आहे. नवऱ्याला घाम फुटला. मी मात्र हो म्हणून मोकळी झाले. गोळी थांबवली त्या पहिल्या दिवशी जेवण झाल्यावर हात सवयीने गोळ्यांच्या पाकिटाकडे गेला आणि मी तो मागे घेतला. त्यानंतर दर महिन्याला रक्त, दर महिन्याला धाकधूक. आणि मग दिवस गेले.

सोनोग्राफीला झोपवलं तेव्हा तिथल्या बाईने यंत्र ओटीपोटावर ठेवलं. मी तिचा हात धरला. म्हटलं, आधी पाणथरी बघा. "ताई, सगळ्या बाया आधी लेकरू पाहून मांगतात." म्हटलं, असतील, मला आधी पाणथरी. तिने हसत यंत्र डाव्या बरगडीखाली सरकवलं, मापं घेतली, म्हणाली, नॉर्मल आहे, उगी भेऊ नका. मग खाली आली आणि आवाज मोठा केला. ठकठक ठकठक, इतकं जोरात. मुलगा की मुलगी ते आता सांगत नाहीत, कायदा आहे, आणि मला विचारायचंही नव्हतं. मी फक्त म्हटलं, लेकरूच आहे ना? ती बाई चमकली. तिला काय ठाऊक आपल्या घरी काय होऊन गेलंय. मी रडत होते आणि हसतही होते, तिने चार कागद पुसायला दिले.

परवाच्या रिपोर्टचं बाबांना सांगायला फोन केला. म्हटलं, बाबा, निगेटिव्ह आला. ते हळूच म्हणाले, "काहून निगेटिव आला वं? एखांद्या वेळी चांगलं सांगत जाय ना." निगेटिव्ह म्हणजे आजार नाही, हे समजावता समजावता माझी पुरेवाट झाली. समजल्यावर म्हणाले, "तुया मायले सांगतलं काय?" मी म्हटलं, सांगते.

तर सांगितलं. हे पत्र कुठे टाकायचं नाही, आपल्या एसटीच्या पार्सलनेसुद्धा तुझ्या गावाला काही जात नाही. एक मात्र कोणालाच बोलले नाही, नवऱ्यालाही नाही. गोळी बंद झाल्यापासून रोज सकाळी डोळे उघडायच्या आधी मी डाव्या बरगडीखाली चार बोटं खुपसून बघते, काही लागतं का. रिपोर्ट काहीही सांगो, बोटांनी बघितल्याशिवाय अंथरुणातून उठत नाही. आज सकाळी पोरीने, किंवा पोराने, अशी सणसणीत लाथ मारली की मी तशीच उठून चहा ठेवायला गेले. बोटं लावायची विसरले, ते आत्ता लिहिता लिहिता ध्यानात आलं.