वयाचा दाखला

२ डिसेंबर १९५७, सोमवार
विमा कंपनीने मला सोलापूरहून मुंबईला धाडताना केलेल्या अन्यायाची नोंद इतिहासाने घ्यावी. हेडक्लार्कने काटकसर म्हणून शिसपेन्सिल चाकूने मधोमध कापली आणि मला अर्धीच दिली. उरलेली अर्धी त्याने टेबलाच्या खणात कुलपात ठेवली. बाकी मी खुशीत आहे. वय सेहेचाळीस, दात बत्तीस, चष्मा नाही.

चिंचपोकळीला शामरावांच्या कारखान्यात शेतीचा एक जुनाट ट्रॅक्टर उभा आहे. तो कधी, कुठे घडला याचा दाखला मी द्यायचा. मग त्याचा विमा, मग विक्री. कंपनीचा नियम असा, की ओळीने तीन वाचनं जुळल्याशिवाय सही नाही आणि सहीशिवाय परत यायचं नाही. गुरुवारी सोलापूर.

इंजिनाच्या कुशीवर साल ओतलेलं आहे. पातळ कागद लावून पेन्सिल घासली. १९३०. बोल्टांचे आटे विलायती, चाकं अमेरिकन; म्हणजे हे यंत्रही आपल्या राज्यासारखंच द्विभाषिक.

इथला फिटर सीताराम, पन्नाशी उलटलेला, लांबूनच म्हणाला, वाचू नका. त्याची मुलगी कमळाबाई डबा घेऊन आली होती. तिने मला भाऊ म्हणून भाकरी नि सुकट वाढली. बदल्यात तिला गिरणीला द्यायला एक कागद लिहून हवाय. उद्या देतो म्हटलं.

३ डिसेंबर
१९३४. कालचा कागद काढून पाहिला, त्यावर १९३०च. कोरलेला आकडा कुणी बदलेल. ओतलेला कसा बदलणार? शामरावांनी विचारलं, सोलापुरात शून्य नि चार एकसारखेच काढतात काय. वाचनं पुन्हा पहिल्यापासून. माळ्यावरच्या माझ्या खोलीचा जिना आज उंच झाल्यासारखा वाटला. तिचा कागद राहिला.

५ डिसेंबर
काल १९३६, आज १९३९. सरकारला राज्याची हद्द ठरवता येत नाही, मला ट्रॅक्टरचं साल. समोरच्या भिंतीवर डांबराने ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’ लिहिलंय. निदान ते तरी रोज तेच असतं.

आकडे पुसट दिसायला लागलेत. सीतारामचा चष्मा मागून घेतला. भाकरी वाढताना कमळाबाई मला काका म्हणाली. परवापर्यंत मी भाऊ होतो, असं सुनावलं. ती हसली नाही.

७ डिसेंबर
१९४७. गंज आपोआप झडतोय, खालून तांबडा रंग निघतोय. सकाळी चूळ भरताना माझा एक दात तस्तात पडला. दुखला नाही.

कमळाबाईला विचारलं, तुझा बाप या यंत्राला इतका का भितो. ती डब्याचं झाकण लावत राहिली. मग म्हणाली, बापूस नाय ओ, आमचे ते.

नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, म्हणून नुसतं ‘त्यांचा डबा, त्यांचा चष्मा’. मी आपला बाप समजून बसलो. सीताराम चौतीस वर्षांचा आहे. गेल्या वर्षी शामरावांनी त्यालाच साल वाचायला बसवलं. पहिल्या दिवशी १९०८ निघालं. १९३० आलं तेव्हा त्याने हात काढून घेतला. आता गिरणी त्याला म्हातारा म्हणून रोजंदारीच्या बदली कामावरही घेत नाही. कागद त्यासाठी हवाय, खरं वय लिहिलेला.

बावीस नि चौतीस, छप्पन्न. बेरीज बरोबर आली. मग माझी केली. सतरा नि सेहेचाळीस.

९ डिसेंबर
वाचणार नव्हतो. एकदाच, आकडा मागे फिरतोय का, एवढंच पाहायला — सीताराम म्हणतो, त्यालाही असंच वाटायचं.
१९५२. रंग ओला. बोटाला लागला.
अडुसष्ट.

१० डिसेंबर
‘साल अज्ञात’ असं लिहून कागद शामरावांपुढे ठेवला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, आजोबा, साहेब कुठे गेले, तुम्ही त्यांचे कोण.
मीच तो म्हटलं. त्यांनी मला पाणी दिलं. साहेब पळाले म्हणून कंपनीला तार —

१२ डिसेंबर
कंपनीने दुसरा धाडला. जगदीश नाव. तिशीचा, केस काळेभोर. खिशात अर्धी पेन्सिल. ती कुठली अर्धी, ते मी ओळखतो.
वाचू नकोस म्हणून सांगितलं. सगळं सांगितलं. बसा आजोबा, म्हणाला. गुरुवारची भाषा करतो तोही —

खाली कागद फडफडला. जिना उतरवत नाही मला.

सात भाकऱ्या खाल्ल्या, कमळाबाईचा कागद राहिलाय. पेन्सिल नखाएवढी उरलीय. लिहिला. दाखला देतो की सीताराम गुणाजी पालव याचं वय आज रोजी वर्षे चौतीस. कमळाबाईने तो पदरात बांधला, वाकून नमस्कार केला. चष्मा नक्कल झाल्यावर परत देतो म्हटलं. ती थांबलीय.

नक्कल माझ्यापाशी ठेवायची म्हणून इथेच उतरवतोय. दाखला देणाराचं नाव लिहिलं. हुद्दा लिहिला. खाली जगदीशची पेन्सिल घासतेय, हळूहळू. देणाराचं वय, वर्षे —