अकरा चेहऱ्यांचं बॅनर

प्रिय कवळीवाल्या,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे पत्र न वाचताच फाडायचा तुझा विचार असेल. फाड, पण वाचून झाल्यावर. तू शनिवारी सकाळी आईकडे जायला निघतोयस आणि विमानात बसायच्या आत तुला हे सगळं कळायलाच हवं. फोन तू आठ महिने उचलत नाहीस. दारात आलो तर तोंडावर दार लावशील, आणि नाही लावलंस तरी मला हे धड सांगता येणार नाही. ऐन वेळी माझी वाचा कशी बसते ते तू पाहिलं आहेस. म्हणून पत्र, आणि तेही वहिनींच्या हाती. त्या काल औषधांच्या दुकानात भेटल्या. आईंचं खुब्याचं हाड मोडलंय, ऑपरेशननंतर त्या सारखं तुझंच नाव घेताहेत आणि तू रजा टाकून तिकीट काढलंस, एवढं त्यांनी घाईघाईत सांगितलं. आज एका गिऱ्हाइकाच्या पँटचा एकच पाय दोनदा आखूड केला.

मुद्द्यावर ये, असं तू म्हणशील. येतो, पण थोडं मागून सुरू करू दे. बारा वर्षांपूर्वी तू आपल्या फुटबॉल क्लबच्या पूर्वेच्या स्टँडमध्ये माझ्या शेजारच्या खुर्चीवर पहिल्यांदा येऊन बसलास, तेव्हा तुझ्या कोटाच्या बाह्या बोटांच्या टोकापर्यंत लोंबत होत्या. माझ्यातल्या शिंप्याला ते बघवेना. मध्यंतरात मी त्या टाचण्या लावून वर घेतल्या. मग आपला गोल झाला, तू दोन्ही हात उंच केलेस आणि एक टाचणी थेट तुझ्या मनगटात घुसली. त्या दिवसापासून मी टाचण्या झालो. तू दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवतोस हे कळल्यावर तुझंही नाव ठरलं. आपल्या लाडक्या म्हाताऱ्या गोलकीपरच्या पुढच्या दोन दातांचं जे गुपित तू मला सांगितलंस, ते मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. म्हणजे काही गोष्टी माझ्या पोटात राहतात. सगळ्या राहिल्या असत्या तर आज हे पत्र लिहावं लागलं नसतं.

जुन्या मालकाने क्लबची काय दशा केली होती ते आठव. छपराचे पत्रे उडालेले, खेळाडू महिन्या-महिन्याला सोडून चाललेले, आणि स्टँडमागच्या संडासाला कडी नाही म्हणून एकाने आत जायचं नि दुसऱ्याने बाहेरून दार धरायचं. दोन वर्षांत दोनदा खालच्या गटात घसरलो. अशात बातमी आली की तुझ्या देशाचं सरकार आपला क्लब विकत घ्यायला तयार आहे. मी दुकानात अक्षरशः नाचलो आणि लगेच तुला फोन लावला. तू नुसता हं म्हणालास. संध्याकाळी दुकानात आलास, शटर अर्धं ओढायला लावलंस आणि पहिल्यांदा धाकट्या भावाबद्दल बोललास. तो शाळेत भूगोल शिकवायचा. धरणाखाली गेलेल्या गावांतली माणसं पुढे कुठे गेली, हे त्याने वर्गात मुलांना सांगितलं, म्हणून त्याला उचलला, आणि सहा वर्षं झाली तरी खटला नाही. तिथलं सरकार तुला आईला भेटायला येऊ देतं, कारण तू इकडे तोंड उघडत नाहीस. दर वेळी विमानतळावर एक अधिकारी तुला खोलीत बसवून चहा पाजतो, इकडे कुणात उठबस आहे ते विचारतो आणि मग सोडतो. इतकी वर्षं मला वाटायचं की तू स्वभावानेच घुमा आहेस.

ते बॅनर आपण त्यानंतर शिवलं. चार रविवारच्या दुपारी, माझ्या दुकानात, सतरा जणांनी. तुझ्या देशातल्या तुरुंगातले अकरा कैदी, आपल्या जर्सीत, फोटोसाठी उभ्या राहिलेल्या संघासारखे. भावाला तीन नंबर दिला, कारण तो शाळेच्या संघात डाव्या बगलेला बचावाला खेळायचा. त्याचा चेहरा तू स्वतः कापलास, लॅबमधल्या मेण कोरायच्या सुरीने, आणि त्या जिवणीवर मी घातलेले टाके तुला तीनदा उसवायला लावलेस. मग नावांची वेळ आली. आपल्या स्टँडची ही रीत माझ्या वडिलांच्या वेळेपासूनची: बॅनरला ज्याने टाका घातला त्याने मागच्या बाजूला, खालच्या दुमडीवर, आपलं नाव लिहायचं. तू नको म्हणालास. मीच मागे लागलो. मागची बाजू कोण बघतंय, कापड माझ्याच कपाटात राहणार, सोळा नावं आणि एकाची जागा रिकामी हे बरं दिसत नाही, असलं काहीबाही बोललो. तू पेन हातात घेऊन बराच वेळ बसलास आणि शेवटी तुझ्या लिपीत लिहिलंस, म्हणजे इथे कुणाला वाचता येणार नाही. मॅचच्या दिवशी आम्ही नाकावर मफलर बांधून ते बॅनर उचललं. तू घरी टीव्हीसमोर होतास.

आता सभेचं. तू समोर होतास, तरी माझ्याकडून एकदा ऐक. सभासदांच्या बहुमताशिवाय क्लब विकता येत नाही, हा आपला जुना नियम, म्हणून तीनशे माणसं शाळेच्या व्यायामशाळेत कोंबलेली. तुला बोलता येणार नव्हतं. तुझ्या वतीने मी बोलायचं ठरलं होतं. भाषण आपण दोघांनी लिहिलं, तू त्यातले माझे दोन विनोद खोडलेस, आणि कागद माझ्या खिशात होता. बसड्रायव्हर उठला आणि म्हणाला की माझ्या बसमध्ये डिझेल कुणाचं जातं ते मी कधी विचारलं नाही, मग क्लबचंच एवढं सोवळं कशाला. ग्रंथपालबाई म्हणाल्या की त्या सरकारला खेळाचं प्रेम नाही, आपल्या गाण्यांचा आवाज हवाय, म्हणजे त्यांच्या तुरुंगांतला आवाज बाहेर येणार नाही. त्यावर अर्ध्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, अर्ध्यांनी हुर्यो केली. कोणी म्हणालं, धुतल्या तांदळासारखा मालक जगात दाखवा. मागून एक जण ओरडला की तिकडचं दुःख तिकडच्यांनी निस्तरावं, आम्ही इथे मॅच बघायला येतो. तेव्हा तू मान खाली घातलीस. पाठोपाठ अध्यक्षबाईंनी माझं नाव पुकारलं. मी उठलो, माझं म्हणणं इतरांच्या बोलण्यात आलंच आहे असं पुटपुटलो आणि खाली बसलो. मग मतदान. विक्रीच्या बाजूने हात वर करा म्हटल्यावर मी हात वर केला. माझं कोपर तुझ्या खांद्याला लागलं. तू माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाहीस, हाताकडे बघत राहिलास.

का केलं, ते मी स्वतःला हजारदा विचारलंय. भीती नव्हती रे. मला छप्पर हवं होतं. वडील ज्या क्लबसाठी आयुष्यभर घसा बसवत राहिले तो माझ्या डोळ्यांदेखत बुडताना मला बघायचा नव्हता. आणि माझ्या एका हाताने काय होणार, असंही वाटलं. विक्री चौदा मतांनी मंजूर झाली. माझ्यासारखाच विचार करणारे आणखी तेरा निघाले असतील.

छप्पर आलं. नव्या खुर्च्या आल्या, संडासांना कड्या आल्या, संघ जिंकायला लागला आणि वरच्या गटात गेला. खोटं कशाला बोलू, प्रत्येक गोलला मी उड्या मारतो. घरी येऊन जेवायला बसलो की ताट तसंच बाजूला सारतो, बायको विचारते, मी दुकानाचं कारण सांगतो. तुझ्या खुर्चीवर आता एक माणूस येतो, तो सगळा वेळ स्वतःचे फोटो काढत असतो. त्याच्या शेजारी बसून मी मनात तुझ्याशी भांडतो. बघ, म्हणतो, क्लब त्यांचा झाला की आपली तोंडं बंद होतील असं तू म्हणालास, तसं कुठे काय झालं? आपली गाणी तीच, रंग तोच, कुणी आपल्याला गप्प बसवलं? मला तुझी माफी मागायची नव्हती. तू चुकलास हे मला सिद्ध करायचं होतं. ही गोष्ट मला कालपर्यंत स्वतःपाशीही कबूल करता येत नव्हती.

गेल्या मंगळवारी दुपारी दुकानात एक माणूस आला. साधारण आपल्याच वयाचा, बोलायला अतिशय गोड, अंगात हाताने शिवलेला कोट. बटणांची अशी काजं मी दहा वर्षांत पाहिली नव्हती. क्लबचं छोटं संग्रहालय होतंय, त्यासाठी चाहत्यांची जुनी बॅनर गोळा करतोय, असं म्हणाला. मी कपाट उघडून सात बॅनर काढली. एकेक टाका निरखत तो कौतुक करत होता आणि मी फुगत होतो. मग म्हणाला, नव्या मालकांच्या विरोधातलं काही असेल तर तेही द्या, आम्हाला टीकेची भीती नाही, इतिहास अख्खा हवा. ते ऐकून मला काय आनंद झाला म्हणून सांगू! हेच तर मला हवं होतं. अकरा चेहऱ्यांचं बॅनर त्यांच्याच संग्रहालयात काचेमागे लागलेलं असेल, मी तुला हाताला धरून तिथे नेईन आणि म्हणेन, बघ, आता तरी बोल माझ्याशी. मी आठवं बॅनर काढलं, टेबलावर पसरलं आणि त्याने काही विचारायच्या आत मीच, स्वतःहून, उलटं केलं. आपली रीत सांगितली. नावं दाखवली. तो बोट फिरवत फिरवत तुझ्या नावापाशी थांबला आणि ते त्याने मोठ्याने वाचलं. बारा वर्षांत मला एकदाही धड जमला नाही तो उच्चार त्याने सहज, बिनचूक केला. मग हसला, फोटो काढला आणि आठही बॅनर घडी करून घेऊन गेला.

काल वहिनींनी तुझ्या तिकिटाचं सांगितलं आणि मी दुकान तसंच टाकून स्टेडियमवर धावलो. संग्रहालयाची खोली मांडून झाली आहे. सात बॅनर काचेमागे आहेत, आठवं नाही. तिथल्या बाईंनी यादी दाखवली, तीत सातच लिहिलेली. त्या माणसाने दिलेल्या कार्डावरचा नंबर लागत नाही, आणि क्लबच्या कचेरीत त्याचं नाव कुणी ऐकलेलं नाही. कदाचित माझ्या मनाचे खेळ असतील, बॅनर एखाद्या कपाटात धूळ खात पडलं असेल. पण तू कधी काही बोलत नाहीस या एका गोष्टीवर ते तुला आत घेतात आणि बाहेर सोडतात, आणि तू बोललास हे तुझ्याच अक्षरात मी त्यांच्या हातात दिलंय. अजून एक आहे, ते लिहायला मी दोन तास लावले. नाव वाचल्यावर त्याने सहज विचारलं, हा कोण. मी अभिमानाने सांगितलं की हा माझा जिवलग, आणि तो तीन नंबरचा चेहरा त्याच्या भावाचा. म्हणून सांगतो, जाऊ नकोस. आई वाट बघताहेत, कदाचित ही शेवटची भेट ठरेल, आणि ती मी तुझ्याकडून हिरावून घेतोय हे मला कळतं. त्याची भरपाई माझ्यापाशी नाही. मला शिव्या दे, सगळ्या स्टँडला सांग, आईंनाही फोनवर सांग की एका शिंप्यामुळे येता येत नाही. पण त्या विमानात बसू नकोस. पत्र वाचूनही तू निघशील, तुझा स्वभाव मला माहीत आहे, म्हणून शनिवारी पहाटेपासून मी तुझ्या दारात उभा राहणार आहे. बॅग घेऊन बाहेर आलास तर तुला मला ढकलूनच जावं लागेल.

तू मान किंवा मानू नकोस, तरी तुझाच,
टाचण्या