रविवार पुढे सरकेना

सोमवार, ४
आलो एकदाचा! कंपनीने दिलेलं घर दोनच खोल्यांचं, पण खिडकीसमोर मोकळं मैदान आणि पलीकडे बसथांबा. ते मैदान पाहून चिमी घर डोक्यावर घेणार. ती आणि तिची आई रविवारी सकाळच्या बसने येतील. तोवर भांडी माझ्या नशिबी. काम झकास आहे: गावाखालच्या पाण्याचं गणित. जमिनीचे चौकोन पाडायचे, काळाचे तुकडे, आणि प्रत्येक तुकड्यात पाणी कुठून कुठे गेलं याचा ताळा संगणकाने जुळवायचा. नाही जुळला तर तो तुकडा निम्मा करून पुन्हा बसतो. इथले वयस्कर सहकारी सारखे 'निम्मं करा' म्हणतात, म्हणून सगळे त्यांना निम्मेकाका म्हणतात. तेही हसून ओ देतात.

बुधवार, ६
गणितातली पातळी आणि विहिरीत टेप सोडून मोजलेली पातळी, बोटभरही फरक नाही. मी स्वतःचीच पाठ थोपटली. काका म्हणाले, इथली जमीन आपल्या गणिताच्या मागून चालते, जपून. वय झालं की माणसाला असं काहीबाही सुचतं.

शुक्रवार, ८
येत्या दिवसांचं गणित रविवार सकाळपर्यंत पळतं आणि मैदानाखालच्या चौकोनात अडतं. काळाचे तुकडे निम्मे होत होत ठरलेल्या किमान मर्यादेला टेकतात, की गणित बंद. काकांनी बजावलं होतं, मर्यादेला हात लावायचा नाही, चौकोन नव्याने पाडायचे. पण साहेबांना सोमवारी अहवाल हवाय. मी मर्यादाच काढून टाकली. करू दे निम्मं, किती करायचं ते. काकांना बोललो नाही.

शनिवार, ९
लॅपटॉप घरी आणला. गणित चालूच आहे, पण रविवार ओलांडत नाही. चिमीसाठी पलंग लावला.

रविवार, १०
काकांना फोनवर सांगून टाकलं. ते रडायलाच लागले. म्हणाले, मैदानाखाली पोकळी झाली असणार, वरची जमीन बसणार, म्हणून ताळा जुळत नव्हता. गणित बंद पडत होतं तीच धोक्याची घंटा होती, आणि मी ती काढून फेकली. बायकोला फोन लावतोय तोच बस आली. चिमीने मला खिडकीत पाहिलं आणि धावत सुटली. मी ओरडलो. तिच्या पायाखालची जमीन —

रविवार
ती तिथेच आहे. अधांतरी. धूळही हवेतच. टेबलावरून उठून दाराकडे निघालो. निम्मं अंतर गेलो. मग उरलेल्याचं निम्मं. मग —

रविवार
दार येत नाही. टेबलाकडे मात्र हात पोचतो. वही. लॅपटॉप. गणित थांबवलं तर काळ सुटेल आणि ती पडेल. चालू ठेवलं तर ती कधीच —

रविवार
बायको बसच्या पायरीवर. तिला अजून दिसलेलं नाही. देवा, दिसू देऊ नको —

रविवार
चिमीचं तोंड उघडलंय. एक 'बा' ऐकू आला. दुसरा यायचाय. निम्मा —

रविवार
बोट बटणावर ठेवलंय. नाही. नाही दाबव