सांगून जाणं

सोमवार, ४ मार्च
पहिल्याच दिवशी वर्ग बाजूला! गतिमंदांच्या या संस्थेत केअरटेकरांना शिकवायला आले, फळ्यावर 'प्रत्येक वागण्यामागे कारण असतं' एवढंच लिहून झालं होतं, तोच बाहेर काच फुटली. राणीनं जेवणाचं ताट खिडकीवर भिरकावलं होतं. राणी चाळिशीची, लहानपणापासून इथेच राहते, बोलता येत नाही. ज्यांना सगळे पैलवान म्हणतात ते धिप्पाड केअरटेकर उठले, तिचे दोन्ही हात आवळून धरले, ती शांत झाल्यावरच सोडले. मग येऊन जागेवर बसले — जणू उघडा राहिलेला नळ बंद करून आले!

मंगळवार
सांगितलं — धरायचं नाही, कोंडायचं नाही, शिक्षा म्हणून जेवण बंद करायचं नाही. कुणाच्या जिवावर बेतलं तरच हात लावायचा. आधी काय घडलं ते बघायचं. वर्गात कुजबुज. पैलवान शांतपणे म्हणाले, "बाई, तुम्ही संध्याकाळी घरी जाता. ताट आमच्या डोक्यात बसतं."
बोलले ते खोटं नव्हतं.

बुधवार
म्हणून आज संध्याकाळीही थांबले. दंडावर राणीचा चिमटा, चांगला काळानिळा. हसलं मात्र कुणी नाही.

शुक्रवार
सापडलं! ताट ड्युटी बदलतानाच उडतं. दिवसभर राणीजवळ असणारी मावशी निघताना तिला खिडकीकडे तोंड करून बसवते आणि चोरपावलांनी सटकते. तिनं रडू नये म्हणून — मनात वाईट काही नाही. पण राणीनं वळून बघावं, तर माणूस गायब. रोज! मावशीनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, मला कुणी असं टाकून गेलं तर मीही भांडी आपटेन.

सोमवार, ११ मार्च
सांगून निघायचं ठरलं. मावशीनं समोर बसून निरोप घेतला, पैलवानांकडे बोट दाखवलं — आता हे आहेत. राणीनं तिची बाही धरली ती सोडेना. शेवटी ताट उडालंच. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला धरणी दुभंगावी असं झालं.
पैलवान पुढे झाले. पण धरलं नाही त्यांनी. हातभर अंतर ठेवून जमिनीवर बसले, एवढा थोरला देह सावरत. राणी आदळआपट करून दमली. मग पायानं ताट त्यांच्याकडे सरकवलं.

गुरुवार
निरोप झाला. राणी रडली. रडू दिलं. ताट जागेवर.

शनिवार
वर्ग संपला तरी पैलवान खुर्च्या रचत रेंगाळले. मग विचारलं, हे तुम्ही शिकवता ते घरच्या माणसाला चालतं का? चालतं की, म्हटलं. कोण आहे?
वडील. विसरायला लागलेत, दार उघडून कुठेही निघून जातात. घरात तिसरं कुणी नाही. म्हणून कामावर येताना पैलवान त्यांना खाटेला बांधून येतात. वर्ष होत आलं.
"आता ते स्वतःच हात पुढे करतात, बाई."
पर्स उचलली. आम्ही दोघं तसेच त्यांच्या घरी निघालो.