सभेसाठी चार ओळी

चोआ चू कांग,
५ मे २००७

प्रिय संजीवदादा,

तुझी मेल वाचली. गर्भपाताविरुद्ध तुमच्या अमेरिकेतल्या कोर्टाचा निकाल लागला म्हणून तुमच्या सिनेटरच्या बंगल्यावर सभा आणि जेवण आहे. तिथे वाचायला, माझं बाळ गेलं त्याबद्दल चार ओळी तुला हव्यात.

दादा, ते बाळ आपोआप गेलं नव्हतं. रुचिर बोटीवर होता, आणि दोन मुलं अन् नोकरी सांभाळून मी थकले होते. मला तिसरं नको होतं. इथे गर्भपाताआधी समुपदेशन झालं की दोन दिवस थांबायला लावतात. त्या दोन दिवसांत मी तुला फोन केला होता. तू तासभर अमेरिकेतल्या न्यायाधीशांबद्दल बोललास. मग रुचिरसकट सगळ्यांना मी बाथरूममध्ये घसरले असं सांगितलं.

तुमच्या सिनेटरचं स्वतःचं विमान आहे म्हणे. त्याच्या लेकीवर अशी वेळ आली, तर कायदा तिला कुठे गाठणार?

जाऊ दे. वाद घालायचं त्राण नाही. हे पत्र मी टाकणार नाही, तुझ्या चार ओळी तेवढ्या पाठवते. त्यात मी खूप रडले असं लिहिलंय. तेवढं खरं आहे.

तुझी,
उल्का